बॅकरेफरन्स मराठी प्रुफांसाठी हवाच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चुकून दोनदा टाइप झालेले शब्द बॅकरेफरन्सनं शोधावेत, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. (बॅकरेफरन्स म्हणजे शोधाच्या सूत्रातली अशी खूण, जी आधी सापडलेला मजकूर पुन्हा तसाच आला का ते पाहते.) बॅकरेफरन्समुळे शोध रखडू शकतो, म्हणून तो नवख्यांना शिकवू नये. आणि मराठीत 'पुन्हा पुन्हा', 'लहान लहान' असे शब्द जोडीनंच येतात, तेव्हा दुबार शब्द शोधण्यात अर्थ नाही.

पहिला मुद्दा तुमच्या कामापुरता पूर्ण मान्य. ऐरोलीत तुम्ही सर्व्हर सांभाळता, बाहेरून कोण काय पाठवेल याचा भरवसा नसतो. बॅकरेफरन्स आला की जुळणीचा प्रश्न एनपी-कम्प्लीट, म्हणजे दरवेळी झटपट सुटेल अशी रीत माहीत नसलेला, होतो हे संगणकशास्त्रज्ञ आल्फ्रेड एहो यांनी १९९० मध्येच मांडलं, आणि वेळेची हमी देता यावी म्हणून गुगलच्या आरई२ या शोधाच्या लायब्ररीत ती सोय ठेवलेली नाही. पण माझा लेख नौपाड्यातल्या आमच्या डीटीपीवाल्यांसाठी होता. त्यांच्यासमोर दिवाळी अंकातली एक कथा असते आणि लिब्रेऑफिस रायटरची शोधाची चौकट. रेग्युलर एक्सप्रेशनवर (म्हणजे शोधाच्या सूत्रावर) टिक करून तिथे एवढंच टाकायचं:

(^| )([^ ]+) +\2([ .,।]|$)

दुसऱ्या कंसात अख्खा शब्द धरला जातो. \2 चा अर्थ: जो धरला तोच, अक्षर न् अक्षर तसाच, पुन्हा आला पाहिजे. कडेचे दोन कंस शब्दाच्या सीमा पाहतात; ते काढले (मग \2 चं \1 होईल) तर 'मदत तर' मधले दोन 'त'सुद्धा सापडतात. तुम्ही सुचवलेली शब्दसीमेची तयार खूण (\b) पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत देवनागरीला चालत नाही. तिथे मात्रा शब्दाबाहेरची मानली जाते आणि 'पाणी' मधोमध तुटतं.

आता अभ्यस्त, म्हणजे 'पुन्हा पुन्हा'सारखे जोडीनं येणारे शब्द. ते सापडणारच, आणि सापडू द्यावेत. एकेक दाखवत जायचं, निवाडा मुद्रितशोधकाचा. एक 'आणि' ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असला की कसलेली नजरही घसरते. रायटर सबंध परिच्छेद एकत्र पाहतो, त्याला ते चुकत नाही. 'सगळं बदला' मात्र इथे कधीच दाबू नये. 'ती हळू हळू चालत होती'चं 'ती हळू चालत होती' झालं, तर लेखिकेनं योजलेली लय आपण पुसली.

खरी अडचण वेगळीच आहे, ती तुमच्या प्रतिक्रियेत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतं, कुणी साधा 'र', हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारी जोडखूण). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बॅकरेफरन्सला ते वेगळे शब्द. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर नव्या मजकुरात मिसळला की हे हमखास होतं. म्हणून आम्ही आधी सगळे 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' एका पद्धतीचे करून घेतो, मगच दुबार शब्द शोधतो. त्या पहिल्या फेरीत 'सगळं बदला' खुशाल दाबावं.