पर्सच्या पोटात

क्रोशाची पर्स विणणे हे सुखाचे काम आहे. चार मिलिमीटरची सुई आणि जाडसर सुती दोरा हाती आला, की गोल बूड आपोआप वाढू लागते. पहिल्या फेरीत सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, दुसरीत बारा, तिसरीत अठरा, आणि पुढेही दर फेरीला सहाच वाढवायचे. कमी वाढवले तर बुडाची वाटी होते आणि जास्त वाढवले तर झालर, पण एवढा हिशेब पाळला तर मावशीशी फोनवर बोलताना किंवा कुकरच्या शिट्या मोजतानाही पर्स तयार होते. घरातली मंडळी ती फिरवून फिरवून बघतात, "बाई गं, किती सुबक!" म्हणतात आणि काम संपले असे समजून पांगतात. खरे काम तेव्हा सुरू होते, कारण अस्तर लावायचे राहिलेले असते.

अस्तर हवेच कशाला, असा व्यवहारी प्रश्न आमच्याकडे दर वेळी निघतो. क्रोशाकाम म्हणजे अखेर शिस्तीत मांडलेली भोके. त्यांतून पेनाचे टोक, किल्लीचे दात आणि केसांची पिन अशा शिताफीने डोकावतात, की बसमध्ये शेजारची बाई अंग चोरून बसते. शिवाय विणलेली पर्स ओझ्याने ताणते. सकाळी काखेशी असलेली, डबा आणि पाण्याची बाटली वाहून संध्याकाळी परतते ती गुडघ्याशी.

तेव्हा ताणणाऱ्या पर्सच्या पोटात न ताणणारे कापड बसवायचे, म्हणजे उधळ्या नवऱ्याची काटकसरी बायकोशी गाठ घालून द्यायची. अस्तर मोठे झाले तर आत त्याचा बोळा होतो. लहान झाले तर ते पर्सचे तोंड आत ओढून घेते आणि पर्स कायमची रुसलेली दिसते. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे लागते, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि पर्स आटत नाही. रंगही जपून निवडावा लागतो. काळ्या पर्सला काळे अस्तर फार खानदानी दिसते, परंतु त्या अंधारात घराची किल्ली शोधताना जिन्यावरचा दिवा लावूनही उपयोग होत नाही. मोबाइलचा खिसा अस्तर पर्सला जोडण्याआधी शिवायचा, आणि अस्तराची उलटी बाजू पर्सकडे ठेवायची. सुलट्याचे उलटे करून उलट्यात घालायचे, हे वाक्य नुसते मोठ्याने म्हटले तरी घरातले लोक आपल्याकडे काळजीने पाहू लागतात.

त्यात चेन. पुण्याच्या बोहरी आळीत हव्या त्या रंगाची चेन, मॅग्नेटचे बटण, कड्या सगळे मिळते. ते लावून देणारा माणूस मात्र मिळत नाही. शिलाई मशीनचा पाय क्रोशाच्या टाक्यांत अडकतो. आमच्या टेलरकाकांनी पर्स बोटांत चाचपून पाहिली, "ताई, हिला धरू कुठे?" असे विचारले आणि अत्यंत आदराने ती परत केली. मग चेन आधी मशीनवर अस्तराला शिवायची आणि ते सगळे प्रकरण पर्सच्या काठाला हाताने टाचत बसायचे. टाका बाहेरून दिसता कामा नये. म्हणजे जे काम सर्वांत किचकट, त्याचा मागमूसही उरता कामा नये.

प्रदर्शनात किंमत सांगितली की समोरच्या बाईंच्या भुवया वर जातात. "बाहेर तर दीडशेत मिळते," असे त्या सांगतात. वास्तविक खरा क्रोशा विणणारे यंत्र अजून बाजारात नाही, त्यामुळे ती दीडशेची पर्सही कोणीतरी हातानेच विणलेली असते, आणि त्या विणणारीच्या हाती त्यातले किती पडले असतील, हा हिशेब कोणी मांडत नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तरी भाव करणारे जरा वरमतील असे मला वाटले होते.

गेल्या प्रदर्शनात एका बाईंनी पर्स उघडली. आत मी कर्नाटकातल्या गुळेदगुडचा जांभळा खण लावला होता. त्यांनी त्यावरून हात फिरवला, मैत्रिणीला बोलावून दाखवला, दोघींनी मनापासून तारीफ केली. मग पर्स जागेवर ठेवून त्यांनी मला त्या खणाच्या दुकानाचा पत्ता विचारला.