‘३५० रुपये घेतले आणि दुसऱ्या दिवशी परत मिस्टरांचंच जीमेल उघडलं’: दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम. इंदिरानगरहून रिक्षा करून अशोक स्तंभापर्यंत आलात आणि २ तास बसावं लागलं, त्याबद्दल माफ करा. चहासुद्धा विचारला नाही असं लिहिलंत, तेही खरं. पण ‘काम केलंच नाही, नुसते पैसे घेतले’ हे मात्र लागलं. असं वाचल्यावर गिऱ्हाईक आमची पायरी कशाला चढेल?

काम काय होतं ते इतरांनाही कळू द्या. एकाच क्रोममध्ये ३ जीमेल खाती: मिस्टरांचं, तुमचं घरचं आणि क्लासचं. क्लासच्या ड्राइव्हची लिंक उघडली की परवानगी नाही असं यायचं, कारण ती मिस्टरांच्या खात्यातून उघडायची. म्हणून क्लासचं खातं पहिलं करायचं होतं, पण ‘हे खातं पहिलं कर’ असं सरळ बटण गुगलने दिलेलं नाही. ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा ज्याने आधी साइन इन केलं त्याचंच खातं डिफॉल्ट, म्हणजे आपोआप उघडणारं, धरलं जातं. जीमेल उघडून ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला वेबपत्ता बघा, ‘यू’ या अक्षरापुढे शून्य असेल तर ते पहिलं खातं, १ असेल तर दुसरं. क्रम बदलायचा तर तिन्हीतून बाहेर पडायचं, मग आधी क्लासचं खातं आणि नंतर बाकीची दोन.

१० मिनिटांचं काम म्हणालात. क्लिक मोजले तर १० मिनिटांचंच आहे. पण बाहेर पडलं की तिन्ही पासवर्ड परत लागतात, आणि मिस्टरांच्या खात्याला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करणं, लावलेलं. ‘हो, मीच’ म्हणायची सूचना त्यांच्या फोनवर गेली आणि फोन अंबडच्या कंपनीत गेटवर जमा. १ तास १० मिनिटं त्यातच गेली. त्यांचं खातं नंतर घरी टाका असं आमच्या मुलाने दोनदा सुचवलं, तुम्ही आजच हवं म्हणालात.

आता दुसऱ्या दिवसाचं. ‘रात्री मिस्टरांनी सगळी खाती बंद करून परत उघडली’ हे तुमच्याच रिव्ह्यूत शेवटच्या ओळीत आहे. मॅडम, तिथेच सगळं आलं! सगळ्या खात्यांतून साइन आउट करून त्यांनी आपलं खातं आधी टाकलं असणार, म्हणून शून्य नंबर परत त्यांना मिळाला. आमचं २ तासांचं काम त्या एका बटणाने पुसलं, आणि स्टार आमचे गेले.

हे होणार म्हणूनच क्लाससाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करून दिलं होतं. प्रोफाइल वेगळं असलं की साइन इन, बुकमार्क, पासवर्ड सगळं वेगळं राहतं, एकीकडे कोणी साइन आउट केलं तरी दुसरीकडे धक्का लागत नाही. ‘दोन-दोन खिडक्या नकोत’ म्हणून तुम्हीच ते काढायला लावलंत. अजूनही घरी करता येईल: क्रोमच्या वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून नवीन प्रोफाइल जोडा, त्यात फक्त क्लासचं खातं टाका, रंग वेगळा द्या आणि डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवा. तोवर लिंक अडली तर लगेच परवानगी मागू नका, आधी पानावरच्या गोल फोटोतून खातं बदलून बघा.

जाता जाता मोबाइलचंही विचारलंत, त्याचे पैसे लावलेले नाहीत. तिथे प्रत्येक ॲपचं वेगळं असतं. नवीन नंबर कुठल्या खात्यात सेव्ह व्हावेत ते कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये, फोटो कुठल्या खात्यात जावेत ते फोटोज ॲपच्या बॅकअपमध्ये.

३५० चं म्हणाल तर ३ खात्यांचे १०० प्रमाणे ३०० आणि प्रोफाइलचे ५०. आधी सांगितलं होतं, पण तोंडी, ही आमची चूक. दराचा बोर्ड लावायचं चाललंय, बहुतेक याच आठवड्यात होईल. टू-स्टेप असलेल्यांना बॅकअप कोड बरोबर आणायलाही आता आधीच सांगू. गुगल ८ आकड्यांचे १० कोड देतं, एक कोड एकदाच चालतो, पण फोन गेटवर अडकला तरी काम अडत नाही.

दुकान सकाळी साडेदहाला उघडतं. लॅपटॉप घेऊन या, प्रोफाइल परत करून देतो, पैसे नकोत. मिस्टरांनाही आणा, फोनसकट.