दरवेळी नवा देव? – निपाणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर, जुन्या डी अँड डीवरच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट पुढं नेणारा टेबलावरचा गेम) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. नुसतं "धन्यवाद, विचार करतो" म्हणून सोडण्यासारखी नाही ती, म्हणून हे लांबलचक, चहा घेऊन बसा. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्यांचं म्हणणं असं की मी आधी थ्री पॉइंट फाइव्हचा (डी अँड डीचंच एक एडिशन) भक्त, मग "नियम कमी, गोष्ट जास्त"वाल्या गेम्सच्या मागे लागलो, आणि आता एकदम १९८१ च्या डी अँड डीवर येऊन बसलोय, म्हणजे दरवेळी नवा देव बसवायचा आणि जुन्याचं विसर्जन. दुसरं, डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) चांगला असला की कुठलीपण सिस्टिम चालते, त्यावर एवढं काय लिहीत बसायचं. तिसरं, माझं ऐकून त्यांनी ब्लेड्स इन द डार्क (चोरांच्या टोळीचा गोष्टवाला गेम) मागवलं आणि आता मीच त्याला नावं ठेवतोय. आणि शेवटी विचारलंय की आम्ही पाच जण आहोत, त्यातले तीन एकदम नवीन, तर आता खेळायचं तरी काय.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्यात तुमचे पैसे गेलेत. नावं ठेवली नाहीत हो. जॉन हार्परचं ते २०१७ चं पुस्तक अजून माझ्या कपाटात वरच्याच खणात आहे. मी लिहिलं ते एवढंच की मला आता ते चालवायला नको वाटतंय, आणि खेळायला बोलवलात तर मी उद्या निपाणीला येतो. विचार करा की, तंबाखूच्या वखारीत रात्री घुसायचंय, आणि आपल्याकडची पोरं काय करतात, तर दोन तास नुसता प्लॅन. वॉचमन कितीला जेवतो, मागची भिंत केवढी, पळून जाताना कोगनोळी नाक्यावरनं जायचं का आडवाटेनं. ब्लेड्स म्हणतंय प्लॅन नको, डायरेक्ट वखारीत जावा, आणि कुत्रं भुंकलं की तेव्हा सांगा "मी दुपारीच येऊन त्याला मटण घालून गेलोय", त्याची किंमत म्हणून थोडा स्ट्रेस (ताणाचे गुण) घ्या आणि पुढं चला. फ्लॅशबॅकचा हा नियम म्हणजे मी बघितलेल्या सगळ्यात हुशार नियमांपैकी एक. पैसे वाया गेले नाहीत तुमचे.

आता ते देव आणि विसर्जनाचं. थ्री पॉइंट फाइव्हमध्ये भक्ती वगैरे काही नव्हती, मिळत होतं ते खेळत होतो. २००० साली थर्ड एडिशन आलं तेव्हा ओपन गेम लायसन्सखाली मूळ नियम सगळ्यांना खुले करून ठेवलेले, २००३ मध्ये थ्री पॉइंट फाइव्हचेपण, त्यामुळं बेळगावात पुस्तक बघायला मिळत नसलं तरी कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढून स्पायरल मारून घेतलं की झालं काम. वीस बाजूंचा फासा नव्हता, एक ते वीसच्या चिठ्ठ्या डब्यात घालून हलवायचो. आणि मला तेव्हा नियम भरपूरच पाहिजे होते, कारण टेबलावर सगळे दोस्त, बहुतेक इंजिनिअरिंगचे, वाद घालण्यात एकापेक्षा एक, आणि डीएम मी. कुणी म्हणलं "मी त्या ओगर राक्षसाला मिठी मारून खाली पाडतो" आणि जमलं का नाही ते मी ठरवलं, की लगेच "तो तुझ्या गल्लीतला म्हणून त्याला दिलास". पुस्तकात लिहिलंय म्हणलं की सगळे गप. ग्रॅपल (पकड) करायचंय ना, मग आधी ओगर तुम्हाला फुकटचा एक घाव घालणार, तो लागला तर विषयच संपला, नाही लागला तर टच अटॅक (नुसता हात लागला का त्याचा फासा), मग दोघांचे ग्रॅपल चेक (पकडीचे फासे), त्यात अंगानं मोठा असेल त्याला साइझच्या प्रत्येक पायरीमागं चार जास्त... तेवढ्या वेळात बाकीचे जेवून यायचे. पण भांडण नाही, निवाडा पुस्तकाचा, मी मोकळा.

मग भांडणारे पुण्याला, बेंगलोरला गेले. नवीन टेबल जमलं तिथं कुणाला नियमाचं काही पडलेलं नव्हतं, आणि मला नोकरी लागलेली, वरच्या लेव्हलचा एक जादूगार बनवायचा म्हणजे अख्खी संध्याकाळ जायची आणि तो तीन राउंडमध्ये मरायचा. (मधे २००८ ला फोर्थ एडिशन आलं, ग्रिडवरची मारामारी झकास होती, पण आमच्याकडं टिकलं नाही, सोडा.) तेव्हा बेकर जोडप्याचं अपॉकॅलिप्स वर्ल्ड हाताला लागलं, २०१० चं, आमच्यापर्यंत उशिरानंच पोचलं. लागतात काय तर दोन साधे फासे, खडेबाजारात कुठल्याही स्टेशनरीत मिळतात ते. गेम चालवणाऱ्यानं फासा टाकायचाच नाही. तयारी जवळजवळ शून्य, खेळणाऱ्यांना प्रश्न विचारायचे आणि त्यांच्या उत्तरातनंच जग उभं करायचं. रविवारी दुपारी जेवून उठलं की डायरेक्ट गेम.

म्हणजे माझ्या आवडीचं गणित बघितलात तर एकच आहे. डीएमला टेबलावर शंभर गोष्टी ठरवाव्या लागतात, त्यातलं कुठलं ओझं आज मला नको झालंय आणि कुठला गेम तेवढं उचलून घेतोय, बस्स. आधी निवाड्याचं ओझं नको होतं, मग तयारीचं. आता तिसरंच काहीतरी नको झालंय.

ते तिसरं काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या लेखात ते नीट आलं नसणार. अपॉकॅलिप्स वर्ल्डमध्ये दोन फासे टाकून त्यात तुमच्या कॅरेक्टरच्या गुणाचा आकडा मिळवायचा, १० किंवा वर आलं तर जमलं, ६ किंवा खाली आलं तर बोंबललं, आणि ७ ते ९ म्हणजे जमलं पण काहीतरी किंमत मोजून. तुमचा आकडा शून्य असला तर ७ ते ९ यायची शक्यता ३६ पैकी १५. प्लस वन असला तर १६. प्लस टू असला तर परत १५. म्हणजे कॅरेक्टर प्लस टूपर्यंत तगडं झालं तरी, दर पाच फाशांमागं दोनदा तरी "होय, पण..." येणार, आणि त्या "पण"च्या पुढचं बऱ्याचदा मला जागच्या जागी सुचायला पाहिजे. ब्लेड्समध्येपण तसंच, सहाला चोख, चार-पाचला किंमत. सुरुवातीला मजा येते. पण दिवसभर ऑफिसात लोकांच्या अडचणी निस्तरून आल्यावर संध्याकाळी परत मीच नवीन अडचणी शोधत बसायचं म्हणजे तिसऱ्या तासाला माझ्याकडनं दोरी तुटणे आणि गार्ड येणे ह्याशिवाय काही निघत नव्हतं.

अजून एक गोष्ट आहे, ती आपल्या भागाची आहे म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्या टेबलावर एक दोस्त आहे, घरात कन्नड, शाळा कन्नड, मराठी बाजारापुरतं उत्तम. गोष्टवाल्या गेममध्ये त्याला विचारलं की "तुझ्या कॅरेक्टरला भावाबद्दल मनातनं काय वाटतंय सांग", की तो गप्प. त्याला सुचत नव्हतं असं नाही, सुचलेलं सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या भाषेत रंगवून सांगायचं जमत नव्हतं, आणि आम्ही तीन बोलघेवडे सगळा वेळ खाऊन टाकायचो. तोच माणूस जुन्या डी अँड डीत अंधाऱ्या भुयारात उतरला की "निल्ल्री (थांबा), आधी काठीनं जमीन ठोकून बघूलालोय" म्हणतो आणि सगळं टेबल त्याच्या मागनं चालतंय. तिथं काय करतोस एवढंच सांगायचं असतंय, चार शब्द पुरतात. बेळगावात, खानापुरात, चिकोडीत जी टेबलं जमतात त्यातलं एक पण पूर्ण एका भाषेचं नसतंय, त्यामुळं कुठला गेम कुणाला बोलतं करतोय ह्याचा विचार पुण्या-मुंबईच्या ग्रुपपेक्षा आपल्याला जास्त करावा लागतो असं माझं मत आहे.

आणि १९८१ चे ते दोन सेट, मोल्डव्हेचा बेसिक आणि कुकचा एक्स्पर्ट, दोन्ही पुस्तकं ६४-६४ पानांची, त्यात मला सुचायची गरज कमी. राक्षस भेटला तर तो चिडलाय का बोलायला तयार आहे ते दोन फासे सांगतात, बघितल्या बघितल्या हल्ला फक्त दोन आले तर, म्हणजे ३६ त एकदा. लढाईत त्यांचा एखादा पडला की बाकीचे पळणार का ते मोराल (त्यांच्या हिंमतीचा आकडा) सांगतंय. एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण, त्यावर लेव्हल वाढते), आणि एक गोब्लिन मारला तर पाच, त्यामुळं शहाणी माणसं मारामारी टाळून पिशवी पळवतात. मी आधी नकाशा काढून ठेवतो (आमचा सध्याचा येळ्ळूरच्या राजहंसगडाखाली भुयार असतं तर कसं, असा आहे), आणि मग माझं काम फक्त तिथं काय आहे ते खरं सांगायचं. नकाशा काढायला वेळ जातो, होय. पण तो मी माझ्या सवडीनं काढतो, सहा डोळे माझ्याकडं बघत असताना नाही.

आता "डीएम चांगला असला की झालं" ह्याचं. अजिबात पटत नाही. उजेडाचंच घ्या. जुन्या बेसिकमध्ये मशाल सहा टर्न जळते, टर्न दहा मिनिटांचा, म्हणजे एक तास, आणि दर दोन टर्नला एक फासा, एक आला की फिरतं काहीतरी येऊन धडकणार. लाइट हा पहिल्या लेव्हलचा स्पेल, आणि नवीन मॅजिक-यूजरला (जादूगाराला) दिवसाला स्पेलच एक. त्यामुळं "अजून पुढं जायचं का माघारी फिरायचं" हा प्रश्न आपोआप पडतो. २०१४ च्या पाचव्या एडिशनमध्येपण मशाल तासभरच जळते, पण लाइट हा कॅंट्रिप, कितीपण वेळा टाका, आणि निम्म्या पार्टीला डार्कव्हिजन (अंधारात दिसायची ताकद). तिथं अंधाराची भीती घालायची तर डीएमला नियमाच्या विरोधात पोहायला लागतंय. चांगला डीएम पोहेल. पण का पोहायचं, सांगा ना मला? पाचवं एडिशन शूरवीरांचा गेम म्हणून चांगलाच आहे, अॅडव्हांटेजचा नियम (दोनदा फासा टाकून मोठा धरायचा) तर इतका सोपा की माझ्या भाचीला एका वाक्यात कळाला.

दरवेळी नवा देव, म्हणजे ट्रेंडच्या मागं लागतो, हा आरोप अर्धा मान्य, जुन्या गेमची लाट अमेरिकेत बरीच वर्षं आहे आणि ती नसती तर हे माझ्यापर्यंत आलंच नसतं. पण ट्रेंड फार तर पुस्तक दारापर्यंत आणून देतो, टेबलावर टिकतंय का नाही ते टेबलच ठरवतंय.

तुमचा शेवटचा प्रश्न. ब्लेड्स घरात आहे तर तेच काढा, नवीन लोकांना पंधरा मिनिटांत कॅरेक्टर करता येतंय, सहा बाजूंचे फासे सोडून काही लागत नाही, आणि गाव पुस्तकातलं न घेता निपाणीच घ्या. चार-पाच सेशननंतर चालवणारा दमायला लागला तर ओल्ड-स्कूल एसेन्शियल्सचे बेसिक रूल्स फुकट आहेत, १९८१ चंच नीट मांडून दिलंय त्यात, प्रिंट काढा. शूरवीर व्हायचं असेल तर पाचव्याचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये आहेत, तेपण फुकट. फक्त पाच जणांत डीएम कोण होणार ते तुम्ही लिहिलंच नाहीत. तुम्ही स्वतः, का त्या तीन नवीन लोकांतलं कुणी? ते कळवा, कारण नवीन माणूस चालवणार असेल तर माझं उत्तर बदलतंय.