‘सीआयएला विचारणारं कुणी नाही’: हा समज तपासून पाहू

देशात कुठे दहशतवादी हल्ला झाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द बदलतात, आशय तोच: ‘सीआयएला विचारणारं कुणी नाही. तिथं सगळं तोंडी चालतं, चौकशीची भानगड नाही, म्हणून ती यशस्वी होते. आपल्या रॉलाही तशीच मोकळीक द्या.’ मजकूर पुढे पाठवणाऱ्यांची देशाबद्दलची तळमळ खरी असते. म्हणूनच त्यातल्या एकेका दाव्याला नीट उत्तर द्यायला हवं.

‘सगळं तोंडी चालतं’

चालत होतं, आणि त्यातूनच कायदा आला. नोव्हेंबर १९८५ मध्ये इस्रायलमार्गे १८ हॉक (विमानविरोधी) क्षेपणास्त्रं गुपचूप इराणला गेली. विमान सीआयएच्या पडद्याआडच्या कंपनीचं, आणि कागदोपत्री माल काय, तर ‘तेल खोदकामाची सामग्री’. सीआयएचे उपसंचालक जॉन मॅकमहन यांना हे मागाहून कळलं. राष्ट्राध्यक्षांच्या लेखी मंजुरीशिवाय यापुढे काही होणार नाही, असं त्यांनी बजावलं. मग ५ डिसेंबरला रेगन यांची सही झाली, तीही झालेल्या गोष्टींना मागच्या तारखेपासून मान्यता देणारी. पुढे प्रकरण उघड होताच, नोव्हेंबर १९८६ मध्ये, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टर यांनी तो कागद फाडून टाकला.

१९९१चा कायदा वाचला की त्यातल्या जवळजवळ प्रत्येक कलमामागे हाच फाडलेला कागद दिसतो. गुप्त कारवाईसाठी राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा लेखी निर्णय लागतो. त्याला तिथं ‘फाइंडिंग’ म्हणतात. वेळ नसेल तर तोंडी आदेश चालतो, पण त्याची नोंद तेव्हाच करायची आणि ४८ तासांत लेखी निर्णय तयार ठेवायचा. मागच्या तारखेची मंजुरी चालत नाही. कारवाईत कुठकुठली खाती सामील आहेत, त्यांची नावं त्यात हवीत. अमेरिकेची घटना किंवा कायदा मोडायला परवानगी देता येत नाही. हा निर्णय संसदेच्या दोन्ही गुप्तचर समित्यांना कळवायचा. अगदीच नाजूक बाब असेल तर फक्त आठ नेत्यांना सांगता येतं, पण कुणालाच कधीच न सांगण्याची सोय कायद्यात ठेवलेली नाही.

‘चौकशीची भानगड नाही’

सीआयएमध्ये १९५२ पासून अंतर्गत महानिरीक्षक आहे. आपल्याकडच्या पोलीस महानिरीक्षकाशी याची गल्लत नको. हा संस्थेच्या आत बसून संस्थेचीच तपासणी करतो. सुरुवातीला त्याला संचालक नेमत असत, त्यामुळे अहवाल त्यांच्याच तिजोरीत राहायचा. १९८९च्या कायद्यानं ही नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट तिला मान्यता देतं, आणि काढायचं तर राष्ट्राध्यक्षांनी समित्यांना कारण द्यायचं. संचालक आजही एखादी चौकशी थांबवू शकतात, पण तसं केलं तर सात दिवसांत समित्यांना लेखी कळवावं लागतं. माझ्या मते साऱ्या व्यवस्थेतलं सर्वांत कामाचं कलम हेच आहे.

हा माणूस प्रत्यक्षात काय करतो? मे २००३ मध्ये महानिरीक्षकांची माणसं सीआयएनं पकडलेल्या, दहशतवादाचा संशय असलेल्या कैद्यांच्या चौकशीच्या ९२ ध्वनिचित्रफिती बघायला गेली. त्यांनी फिती एका बाजूला, नोंदवह्या आणि मुख्यालयाला गेलेले तारसंदेश दुसऱ्या बाजूला ठेवून ताळा घातला. ११ फिती कोऱ्या निघाल्या, आणखी दोन जवळजवळ कोऱ्या, दोन मोडलेल्या. २१ तासांचा एक काळ असा सापडला, ज्यात कैद्याला बुडतोय असं वाटावं म्हणून तोंडावर पाणी ओतण्याचे दोन प्रसंग झाले होते आणि चित्रण नव्हतं. एका कैद्यावर हे पाणी ओतणं ८३ वेळा झाल्याची मोजणीही त्यांचीच. तपासणी म्हणजे असलं काम: दोन स्वतंत्र नोंदी समोरासमोर ठेवणं आणि मधली पोकळी शोधणं. नोव्हेंबर २००५ मध्ये त्या सगळ्या फिती नष्ट करण्यात आल्या. आधी कुणी बघून लिहून ठेवलं होतं, म्हणून हे आज माहीत आहे.

‘मोकळीक होती म्हणून यश’

एप्रिल १९६१, क्युबातलं बे ऑफ पिग्ज. कॅस्ट्रोंचं सरकार उलथवायला सीआयएनं क्युबातून बाहेर पडलेल्या लोकांना तिथं उतरवलं. गुप्तता इतकी पाळली की सीआयएच्या स्वतःच्या विश्लेषण विभागालाही विचारलं नाही. थोडी माणसं आत घुसवण्याची योजना फुगत फुगत सुमारे १,४०० जणांच्या स्वारीपर्यंत गेली. शंभरावर मेले, अकराशेच्या वर पकडले गेले. महानिरीक्षक लायमन कर्कपॅट्रिक यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला: प्रकल्पावर स्पॅनिश येणारे फार थोडे होते, आणि यशाची आशा मावळली असताना अधिकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षांना ‘हे रद्द करा’ असं सांगितलं नाही. अहवालाच्या २० प्रती निघाल्या, एक सोडून सगळ्या नष्ट झाल्या. लोकांना तो वाचायला मिळाला १९९८ मध्ये.

पेरूचं उदाहरण याहून जवळचं आणि जास्त वेदनादायक. तिथं अमली पदार्थ नेणारी विमानं शोधायला सीआयएचं सायटेशन हे छोटं जेट विमान पाळत ठेवायचं आणि पेरूच्या हवाई दलाचं लढाऊ विमान कारवाई करायचं. पायऱ्या ठरलेल्या होत्या. शेपटीवरचा क्रमांक वाचून विमान कुणाचं ते तपासा, रेडिओवर इशारा द्या, समोर येऊन खुणा करा, इशाऱ्याच्या गोळ्या झाडा, आणि मगच वरिष्ठांची परवानगी घेऊन नेम धरा. २० एप्रिल २००१ रोजी मिशनऱ्यांचं एक विमान पाडलं गेलं. आई आणि तिची सात महिन्यांची मुलगी गेली. त्यांचा वैमानिक इक्विटोस विमानतळाच्या टॉवरशी वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बोलत होता, इशारे त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत.

ही एकच चूक असावी, असं आधी सांगितलं गेलं. महानिरीक्षकांनी मागच्या फाइली उघडल्या. मे १९९५ पासून सीआयएच्या सहभागानं पाडलेल्या पंधराही विमानांच्या बाबतीत पायऱ्या मोडल्या होत्या. अनेकदा लढाऊ विमानाला लक्ष्य दिसल्यापासून दोन-तीन मिनिटांत गोळीबार झाला होता. दोन मिनिटांत क्रमांक, रेडिओ, खुणा आणि इशारे बसतच नाहीत. एवढं गणित सहा वर्षं कुणी मांडलं नाही. उलट संस्थेच्या वकिलांनी सल्ला दिला की लिहून ठेवणं टाळा, नाहीतर तो कागद पुढे कायद्याच्या कचाट्यात सापडेल. २००८ मध्ये अहवाल पूर्ण झाला, २०१० मध्ये १६ जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली. मोकळीक इथं होती, आणि तिनं काय केलं ते हे.

दाव्यात खरं किती?

थोडं आहे. गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या, सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीला १९७६ मध्ये आढळलं की १९६१ पासूनच्या हजारो गुप्त प्रकल्पांपैकी फक्त १४ टक्के प्रकल्प अशा कारवायांना मंजुरी देणाऱ्या सरकारच्या वरिष्ठ समितीपुढे स्वतंत्रपणे आले होते. जानेवारी २०१५ ते जून २०२१ सीआयएला सिनेटची मान्यता असलेला महानिरीक्षकच नव्हता, हंगामी कारभार चालला. कायदा असला तरी खुर्ची रिकामी ठेवता येते.

‘रॉलाही मोकळीक द्या’

रॉ सप्टेंबर १९६८ मध्ये सरकारी आदेशानं उभी राहिली. तिच्यासाठी संसदेनं केलेला वेगळा कायदा आजही नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार ती त्या कायद्याबाहेर आहे, अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या आरोपांचा. तिच्यावर देखरेख करणारी संसदीय समिती नाही. खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये गुप्तचर संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणणारं खासगी विधेयक लोकसभेत आणलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.

म्हणजे मजकुरात मागितलेली मोकळीक कायद्याच्या बाजूनं रॉकडे आधीपासूनच आहे. कायद्यानं बांधलेला, काढायचा तर संसदेला कारण द्यावं लागेल असा महानिरीक्षक मात्र तिच्याकडे नाही. मागणीच करायची असेल तर ती याची करा.