मशीन नको होती, पाळणाघर हवं होतं

सकाळी सकाळी ग्रुपवर फोटो आला आणि डोकंच फिरलं. परत शिलाई मशीन वाटप! स्टेज, हारतुरे, मागं कंपनीचा भला मोठा बॅनर आणि पुढं आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायका मशीनवर हात ठेवून रांगेत उभ्या.

मागं अशाच एका कंपनीचे लोक आले होते तेव्हा मी त्या मीटिंगला बसले होते. एका अक्कांनी मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि सरळ सांगितलं, "मशीन नको ओ साहेब, लेकरं सांभाळायला जागा द्या, तंबाखूच्या धुळीतच खेळतेत दिवसभर." साहेबांनी डायरीत लिहून घेतलं. आणि नंतर काय आलं? मशीन! अक्कांच्या त्या मशीनवर आता तेंदूपानाचं ओलं पोतं असतं.

मशीन का येते ते उघड आहे. 31 मार्चच्या आत बिल लागतं, नग मोजता येतात, फोटो निघतो, विषय संपला. पाळणाघराला मात्र दर महिन्याला मावशींचा पगार, दूध, भाडं, ते वर्षानुवर्षं कोण देणार? 2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के सीएसआरला, म्हणजे समाजाच्या कामाला, खर्च करायचा कायदा आहे, आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असंही त्यात लिहिलंय, पण भागातल्या माणसांना विचारा असं कुठंय?

हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी संस्थेनं 2021 ला जाहीर केलं होतं की 25 टक्के पैसा थेट स्थानिक संस्थांना देऊ, त्याच्या जवळपासही पोचले नाहीत आणि 2025 मध्ये दुकानच बंद. आणि आपल्याकडं 2020 च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीनं मोठ्या संस्थेला आलेला परदेशी पैसा गल्लीतल्या छोट्या संस्थेला पुढं देणंच बंद केलं.

हां, स्थानिक म्हणजे सगळे धुतल्या तांदळासारखे नसतात, आपले पुढारी आपल्याला माहितीयेत. आणि काही बायकांचं घर त्या मशीनवर चाललं, तेही मान्य.

पण कुंभारीला जाऊन बघा की. विडी कामगार बायकांच्या सोसायटीची दहा हजार घरं, गोदूताई परुळेकर वसाहत, 2006 ला चाव्या मिळाल्या. केंद्राचे पैसे होते, राज्याचे होते, आणि बायकांनी हजार विड्यांच्या मजुरीतून साठवलेले स्वतःचेही होते. त्या लढ्याचे पुढारी, माकपचे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांचं राजकारण पटो न पटो, पण घर पाहिजे हे त्या बायकाच म्हणत होत्या, वर्षानुवर्षं मोर्चे काढून. कुणी साहेबानं येऊन ठरवलेलं नव्हतं ते.

खरं सांगू, आता लिहिता लिहिता राग गेला, वाईटच वाटायला लागलंय. आमच्या त्या अक्का आणि शेजारच्या बायकांनी वर्गणी काढून गल्लीतल्याच एका आजींना लेकरं सांभाळायला बसवलंय. एक खोली, एक चटई, दारात फळी आडवी लावलेली. पंखा नाही. आजींना देतात ते पैसे कुणाची मजुरी उशिरा झाली की थकतात, तरी आजी येतात.

फ्रेंडलिस्टमध्ये एमआयडीसीतले, पुण्यातल्या कंपन्यांतले बरेच जण आहात. तुमच्या सीएसआरवाल्यांना एवढंच विचारा, या आजींचा तीन वर्षांचा पगार द्याल का, बॅनर न लावता? हो म्हणाले तर मला मेसेज करा, मी घेऊन जाते त्यांना तिथं.