मुलींनी ताट, मुलांनी बाक

आज लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, पाहुणे येणार. मुलींनी नऊवारी नेसून, ओवाळणीचं ताट घेऊन सातला दारात उभं राहायचं. मुलांनी बाक हलवायला यायचं, नेहमीच्या गणवेशात. खाली अंगठ्यांची ही रांग!

अहो, सावित्रीबाईंच्या जयंतीला? १८४८ साली भिडेवाड्यात शिकवायला जाताना त्या माउलीने अंगावर शेण झेललं, ते पोरींनी पाहुण्यांना ओवाळावं म्हणून?

मला आठवीतला कार्यानुभवाचा तास आठवला. मुलगे सरांकडे, विजेचा बोर्ड जोडायला. आम्ही बाईंकडे, काजं-बटणं. मी खिडकीतून बघत राहायचे, होल्डरमध्ये वायर कशी पिळून घालतात ते. एकदा धीर करून म्हटलं, सर, मी इकडे बसू? सर रागावले नाहीत, हसले. "तुला कशाला गं? नवरा करेल की." वर्ग हसला. मीसुद्धा हसले. तेरा वर्षांची होते. सरांपेक्षा त्या हसण्याचाच आज जास्त राग येतो.

काजं-बटणं वाईट नव्हेत, कबूल. शिवण आली म्हणून माझं कधी अडलं नाही. पण त्याच शाळेतला माझा भाऊ चाळिशी उलटली तरी तुटलेलं बटण घेऊन आईपुढे उभा राहतो. नुकसान त्याचंही झालंच म्हणा. (त्याला ते दिसत नाही, हा भाग वेगळा.)

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी निवडणारे बाबा छापले, तेव्हा मी केवढी खूश झाले होते! पण पाहुण्यांचा चहा झाला की कप विसळायला कोणाला हाक मारतात, ते पोरं बघतात. पुस्तक दप्तरातच असतं.

लिहिता लिहिता वर्गाच्या बाई डोळ्यांपुढे आल्या. साठ पोरं, वर ती ऑनलाइन माहिती भरणं. गेल्या वर्षीचाच मेसेज तारीख बदलून टाकला असेल बिचारीने. तिच्यावर नाही चिडले मी. बरं, थोडी चिडलेय.

लेक सहावीत आहे. विचारलं, तुला काय करायचंय?

"बाक. पण नऊवारीत उचलता येतो का गं?"

म्हटलं, न यायला काय झालं? माझी आजी नऊवारीत गुडघाभर चिखलात भात लावायची. काष्टा घट्ट हवा फक्त.

तर मैत्रिणींनो, काष्टा कोणाला येतो? मला येत नाही. शनिवारी घरी या, चहा मी ठेवते.