पहिली गाडी जुनीच घ्या, आणि गिअरचीच घ्या

कोकणात राहून पहिल्यांदा गाडी घेऊ पाहणाऱ्या सगळ्यांना, आणि त्यातही बायकांना, माझं कळकळीचं सांगणं आहे. कर्ज काढून शोरूममधली गाडी दारात आणायची घाई करू नका. पन्नास-साठ हजारांची जुनी, गिअरची गाडी बघा, तिच्यावर हात बसू द्या. नवी पुढे घ्यायचीच आहे, ती कुठे पळून जात नाही.

मी गुहागर तालुक्यात शाळेत शिकवते. इथे एसटीची एक फेरी चुकली की दुसरी कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि रिक्षावाला संध्याकाळनंतर आत वाडीत यायला तयार होत नाही. म्हणून गाडी घेतली. २००८ ची मारुती ८००, साठ हजारांना. घरी, शाळेत, लग्नकार्यात सगळीकडून एकच सल्ला मिळाला, "अगं, बाईमाणसाला ऑटोमॅटिकच बरी. गिअरचं तुला झेपायचं नाही."

मला या वाक्याचा मनस्वी राग येतो. क्लच दाबायला पैलवानी ताकद लागत नाही. ज्या बायका डोक्यावर दोन हंडे घेऊन पाखाडी चढतात, त्यांना डाव्या पायाने एक पेडल दाबणं झेपणार नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना रोज शहराच्या गर्दीत अडकायचं आहे, त्यांनी ऑटोमॅटिक जरूर घ्यावी, त्याला माझी ना नाही. पण छोट्या गाड्यांतही त्याच मॉडेलच्या गिअरच्या गाडीपेक्षा ती साधारण पंचेचाळीस-पन्नास हजारांनी महाग पडते. म्हणजे नुसत्या त्या फरकात इकडे जवळजवळ एक जुनी गाडी येते. शिवाय तिच्या गिअरबॉक्सचं काही बिनसलं तर आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक हात लावत नाही, गाडी थेट शहरात न्यावी लागते.

मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीस वर्षं एकच गाडी बनत राहिली, त्यामुळे तिचे पार्ट आजही मिळतात आणि ती उघडता येत नाही असा मेकॅनिक कोकणात मला भेटलेला नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, पॉवर स्टिअरिंग नाही. काय बिघडतंय ते आवाजावरून, वासावरून, पायाखालच्या थरथरीवरून कळतं. शिकणाऱ्याला हेच हवं असतं.

आमचं घर खाली आणि डांबरी रस्ता वर. मध्ये खडी घाटी, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आणि बरोबर चढाव संपतो तिथे आडवा रस्ता. तिथे थांबून उजवी-डावी बघितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. म्हणजे रोज, न चुकता, चढावर गाडी थांबवून परत उचलायची. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी मला सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरपर्यंत फिरवलं होतं आणि क्लच, ब्रेक त्यांच्याही पायाखाली होता. लायसन्स मिळालं, पण ही घाटी चढायला शिकवली ती शेजारच्या काकांनी. एसटीत उभी हयात ड्रायव्हर होते, कुंभार्ली घाट त्यांना पाठ.

त्यांनी आधी मला सड्यावर नेलं. मोकळा कातळ, पुढेमागे कोणी नाही. म्हणाले, "रेसला पायच लावायचा नाय. नुसता क्लच सोड." पहिला गिअर टाकायचा आणि क्लच इतका हळू सोडायचा की रेस न देता गाडी आपली आपण सरकू लागते. हे पुन्हा पुन्हा करत राहिलं की क्लच नेमका कुठे पकडतो ते पायाला कळतं. प्रत्येक गाडीची ती जागा वेगळी. क्लच प्लेट झिजलेली असेल तर आणखी वेगळी. मग घाटीवर. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, उजवा पाय हलका रेसवर, डाव्याने क्लच हळूहळू सोडायचा. काका शेजारी बसून बोटाने बोनेटकडे दाखवत होते. "बाय, घाई नको. गाडी तुला सांगते कधी सोडायची ती. बोनेट जरासं उचललं, आवाज जड झाला, की हँडब्रेक खाली." खरंच बोनेट उचलतं. दोन बोटांइतकं, पण डोळ्यांना दिसतं. त्या क्षणी हँडब्रेक सोडला की गाडी एक इंचही मागे येत नाही. ज्या दिवशी ते पहिल्यांदा जमलं, त्या दिवशी रात्री झोप लागली नाही इतका आनंद झाला होता.

अनेक जण चढावर हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतात आणि त्यालाच कसब समजतात. जळका वास येतो तो क्लच प्लेटचा. ती सवय लागू देऊ नका.

उताराबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इकडे माणसं जातात यात. घाट उतरताना न्यूट्रल करून गाडी सोडायची, "तेवढंच पेट्रोल वाचतं". हे अगदी शिकलेली माणसंही करतात. कार्बोरेटरच्या काळातला हा समज आहे. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे आत्ता रस्त्यावर असलेल्या बहुतेक सगळ्या पेट्रोल गाड्यांत, गिअरमध्ये असताना उतारावर रेसवरून पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जायचंच थांबतं, चाकंच इंजिन फिरवतात. उलट न्यूट्रलला इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. सतत दाबून ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. त्यात इंजिन बंद पडलं तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची मदतही जाते. काकांचा नियम साधा होता, ज्या गिअरने चढलीस त्याच गिअरने उतर. आंबा घाट असो, परशुराम घाट असो की आपल्या वाडीची घाटी. आणि अरुंद चढावर समोरून गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असा रीतसर नियमच आहे. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या मंडळींनी एवढं जरी पाळलं तरी आमचे निम्मे ताप कमी होतील.

फेरीबोटीवर गाडी चढवणं ही वेगळीच परीक्षा. तवसाळहून जयगडला जा नाहीतर धोपाव्याहून दाभोळला, ओहोटी असली की जेट्टीचा ओला, शेवाळलेला उतार उघडा पडतो आणि बोटीची फळी खाली जाते. कधी सरळ घालायची, कधी रिव्हर्स, खलाशी हाताने दाखवेल तशी. तिथे क्लचवर ताबा असलेला माणूस निवांत असतो. बोटीत उभी केली की हँडब्रेक आणि गिअर, दोन्ही.

आता गाडी बघताना काय बघायचं. वरचा रंग बघून भुलू नका. खाऱ्या हवेत पत्रा खालून सडतो. पायातली मॅट पूर्ण उचला आणि जमिनीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, मग संशय येईल तिथे टोक दाबा. दरवाजांची खालची कड, चाकांवरच्या कमानी, डिकीत स्टेपनीचा खड्डा. दरवाजाच्या खाली पाणी जायला भोकं असतात, ती मातीने बुजली की दरवाजा आतून कुजतो. दुसरं, पुराची गाडी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. अशा गाड्या धुऊनपुसून पुन्हा विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाचा डाग असेल तर लगेच निघा. सीटखालच्या पट्ट्या, डॅशबोर्डमागच्या वायरी, कुबट वास, हेही बघा.

कागद नीट तपासा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीचं हे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झालं, आणि गाडी पास करून घ्यायला वेल्डिंग-टायरचा खर्च वेगळा. पंधरा वर्षं संपत आलेली गाडी असेल तर हे सगळं भावात धरून बोला.

खर्च आहेच. माझा क्लच बदलला, बॅटरी बदलली, दर नवरात्रात खालून धुऊन कोटिंग करून घेते. पावसात रात्रीची उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवत नाही, मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवते आणि चाकाला जांभ्याचा चिरा लावते. एवढं करूनही वर्षाचा खर्च नव्या गाडीच्या हप्त्यांच्या जवळपासही जात नाही. आणि गडग्याला गाडी घासली तर जीव हळहळत नाही, शिकणाऱ्याला ही फार मोठी मोकळीक आहे.

आमच्या वाडीतल्या तिघीजणींनी यंदा लर्निंग लायसन्स काढलं आहे. ते सहा महिने चालतं, तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. पाऊस उघडला की त्यांना माझ्याच गाडीवर सड्यावर नेणार आहे, पुढेमागे एलची पाटी लावून. गुहागर, शृंगारतळी, हेदवी या बाजूला कोणी जुनी गाडी बघायला जाणार असेल तर कळवा. रविवारी मी मोकळी असते, स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन येईन.